नळाखालची रेघ

५ जानेवारी, रविवार

“साच्यातून निघतो तो माल खरा. त्यापुढे आपण करतो ती समजूत.”

श्यामकाका असं म्हणाले तेव्हा मी बावीस वर्षांची होते. ते साचे बनवायचे, बाबांचे मित्र होते, आणि कॉलेज संपल्यावर मी वर्षभर त्यांच्याकडे शिकायला जात होते. हातातलं रंगवलेलं झाकण उलटसुलट करून बघत ते एवढंच बोलले आणि चहाला निघून गेले. मला राग आला होता. बाबांचा शिवणे गावातला प्लास्टिकचा कारखाना निम्मा रंगावरच चालत होता.

आता तो कारखाना चौदा वर्षं माझ्याकडे आहे आणि अजूनही निम्मा रंगावरच चालतो. आमचा मुख्य माल म्हणजे पाणी शुद्ध करायच्या यंत्राचं पुढचं झाकण. साच्यातून ते करडं निघतं. मग मागच्या रंगखोलीत सुंदराबाई आणि त्यांच्या सहा जणी त्यावर चंदेरी रंग फवारतात. यंत्र बनवणाऱ्या कंपनीत पूर्णिमा माल पास करते. तिने गेल्या महिन्यात बोलावून सांगितलं, की यापुढे रंगवलेलं झाकण नको. थिनरची वाफ हवेत जाते, आणि रंग चढलेलं प्लास्टिक पुन्हा दळून वापरता येत नाही. रंग प्लास्टिकच्या दाण्यातच मिसळायचा, झाकण साच्यातूनच चंदेरी निघालं पाहिजे, वर काही मारायचं नाही. जमलं तर ऑर्डर आमच्याकडे राहील. नाही तर दुसरा कारखाना तयारच आहे.

ऑर्डर गेली तर कारखाना निम्मा बंद होईल आणि त्या सात जणी आधी घरी बसतील. राहिली तर फक्त रंगखोली बंद होईल, आणि सातही जणींना मशीनवर आणि जुळणीला घेता येईल. तसं मी त्यांना सांगितलंय. लेखी नाही, पण सांगितलंय.

शुक्रवारी नमुने द्यायचे आहेत. कामाच्या वहीत मी तापमान, दाब, सेकंद लिहिते. ही वही उरलेल्या गोष्टींसाठी.

८ जानेवारी, बुधवार

बद्रीनाथ स्वतः चंदेरी दाणा घेऊन आले. गेली दहा वर्षं आम्ही त्यांच्याकडूनच दाणा घेतो. मशीनपाशी उभे राहून प्रत्येक झाकण पडलं की ते “वा” म्हणत होते, जणू दुसऱ्या कुणाचा दाणा आहे.

झाकण सुंदर निघतंय. फक्त नळाखाली रेघ येते. झाकणात नळासाठी भोक असतं. वितळलेलं प्लास्टिक त्या भोकाला दोन्ही बाजूंनी वळसा घालतं आणि खाली पुन्हा भेटतं. भेटतं तिथे रेघ राहते, केसाएवढी, दोन इंच. आजवर ती रंगाखाली जायची. आता चंदेरी कण नेमके तिथेच उभे राहतात आणि रेघ काळी दिसते.

“मॅडम, दिसतेय,” संस्कृती म्हणाली. ती आमच्याकडे दर्जा तपासते. सव्वीस वर्षांची आहे, आणि तिचं निम्मं बोलणं इंग्रजीत असतं. “म्हणजे लिटरली दिसतेय. कॉर्नरमधून पण.”

तापमान वाढवलं, दाब वाढवला, वेग बदलला. रेघ थोडी फिकी झाली, गेली नाही. बद्रीनाथ म्हणाले, “चमक सोडा मॅडम, साधा करडा घ्या, रेघ निम्मी होईल.” पण कंपनीला चंदेरीच हवंय, दुकानात उठून दिसतं म्हणे.

संध्याकाळी सुंदराबाई रंगखोलीतून बाहेर आल्या. एक झाकण उचललं आणि रेघेवरून अंगठा फिरवला. “भांग पाडल्यावानी दिसतंय, ताई.” मग विचारलं, “ह्यातली कंची धाडायची? निवडली का?”

म्हटलं, “नाही अजून. चाळीस आहेत त्या क्रेटमध्ये. शुक्रवारी सकाळी त्यातली बारा निवडू.”

त्या मान हलवून गेल्या. उद्या गुरुवार, आमची सुट्टी. बुधवारी सगळ्यात शेवटी त्याच जातात, रंगाच्या बंदुका धुऊन, कंप्रेसरमधलं पाणी सोडून. चावी त्यांच्याकडेच असते.

त्यांच्याकडे बघून वाईट वाटलं. तेवीस वर्षं रंगखोलीत काढली, आणि मी त्यांना त्यांच्याच कामाच्या शेवटाचा नमुना दाखवत होते.

१० जानेवारी, शुक्रवार

रेघ गेली.

सकाळी क्रेट उघडलं, झाकणं खिडकीपाशी नेली, तर दिसेचना. संस्कृतीने मोबाइलचा दिवा लावून बघितलं. एकावरही नाही. कुठेतरी वाचल्यासारखं वाटतं, की प्लास्टिक पूर्ण थंड होऊन स्थिरावलं की अशा रेघा मावळतात. दीड दिवस लागला असेल. संस्कृतीने चकाकी मोजली, ती बुधवारपेक्षा दोन अंकांनी जास्त आली. तिचं म्हणणं, फडक्याने पुसल्यामुळे.

मी इतकी आनंदले, की बारा निवडायच्या ऐवजी वरची बाराच उचलली.

रंगखोली बंद होती तरी थिनरचा वास येत होता. भिंतींतच मुरलाय तो. रंगखोली बंद झाल्यावर चुना मारून घ्यावा लागेल.

दुपारी पूर्णिमाकडे नमुने दिले. निघताना सुंदराबाई गेटपर्यंत आल्या. “नीट धरा. एकमेकांवर घासू देऊ नका.”

मी म्हटलं, “अहो, बिनरंगी आहेत. घासलं म्हणून काय निघणार आहे?”



१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. सुंदराबाईंनी सगळ्यांना तिळगूळ दिला. माझ्या हातावर ठेवताना विचारलं, “कळलं का कंपनीचं?”

“नाही अजून.”

“कुनी काय म्हनलं न्हाय ना?”

“कशाबद्दल?”

“झाकनाबद्दल. असंच.”

नोकरीची काळजी आहे त्यांना. मी परत सांगितलं, कुणालाही काढणार नाही. त्या म्हणाल्या, “त्ये न्हाय ओ ताई,” आणि पुढच्या बाईकडे वळल्या.

१७ जानेवारी, शुक्रवार

मंजूर! पूर्णिमाने अकरा नमुने ठेवून घेतले आणि बाराव्याच्या पाठीवर सही, तारीख घालून परत दिलं. यापुढचा माल त्याच्याशी ताडून बघायचा. फोनवर म्हणाली, “सुरुची, आमचे साहेब विचारत होते, ही रेघ घालवली कशी? बाकीच्या दोन कारखान्यांना जमलं नाही.”

मी म्हटलं, “तापमान.”

आता वाटतं, मला तरी कुठे नक्की माहीत आहे? पण काहीतरी म्हणायला हवं होतं.

सही केलेलं झाकण घरी आणलं आणि जेवणाच्या टेबलावर ठेवून बघत बसले. सौमित्र, माझा नवरा, कॉलेजातून शिकवून आला, हात धुतले, ताटं घेतली आणि म्हणाला, “यांना पण वाढू का?” चेहरा अगदी कोरडा. मग स्वतःच झाकण उचलून बघितलं. “छान आहे. खरंच छान आहे.”

१८ जानेवारी, शनिवार

सुंदराबाईंना बातमी सांगितली. त्यांनी पदराने तोंड पुसलं. “ब्येस झालं. तुमची मेहनत हुती.”

त्यांना जुळणीच्या टेबलाशी नेलं आणि शिकायला किती दिवस लागतील ते बोललो. तिथे बायका डबे उघडत होत्या. कुणाची तरी भाजी करपली होती, सगळ्या नाकं मुरडत होत्या. सुंदराबाई विचारतात, “काय झालं?” त्यांना वास आलाच नाही. हसून म्हणाल्या, “मला गेली सा-सात वर्सं कसलाच वास येत न्हाय. घरी सून ओरडती, दूध उतू गेलं तरी बसून ऱ्हाता. बरंच हाय, रंगाचाबी तरास न्हाय.” सगळ्या हसल्या. मीही हसले.

२७ जानेवारी, सोमवार

ठिपके.

पहिला मोठा माल काढायला घेतला आणि झाकणांवर ठिपके यायला लागले. चकचकीत, माशाच्या खवल्यासारखे, कुठेही. पन्नासातली तीस बाद. बद्रीनाथांना फोन करून वाट्टेल ते बोलले. ते म्हणाले, “मॅडम, याच पोत्यातला दाणा तुमच्या नमुन्यांना होता. तेव्हा मी चांगला होतो.” मशीनची नळी उघडून साफ केली. दुपारनंतरही ठिपके.

नमुन्यांतली उरलेली अठ्ठावीस झाकणं शनिवारी दळून नव्या दाण्यात मिसळली होती. बिनरंगी मालाचा फायदाच तो. बाद झालेलं झाकण दळा, पुन्हा झाकण काढा, काही वाया जात नाही. पूर्णिमाला हे सांगताना मला किती अभिमान वाटला होता.

उद्या निव्वळ नव्या दाण्यावर चालवून बघू.

२९ जानेवारी, बुधवार

नव्या दाण्यावर ठिपके नाहीत. पण नळाखाली रेघ आहे. काल काढलेली झाकणं रात्रभर ठेवली. सकाळी रेघ तशीच. स्थिरावून मावळली वगैरे काही नाही.

संस्कृती सही केलेलं झाकण आणि थिनरमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा घेऊन माझ्या टेबलाशी आली. “मॅडम, मी करू का? की तुम्ही करताय?”

मी केलं. हलक्या हाताने नळाखालून बोळा फिरवला. कापूस चंदेरी झाला, आणि खालून रेघ वर आली, भांग पाडल्यावानी. झाकणाच्या पाठीवर पूर्णिमाची सही.

दळलेल्या अठ्ठावीस झाकणांवर तोच रंग होता. ठिपके त्याचेच.

सुंदराबाईंना आत बोलावलं. मी ओरडले. एवढी मी कधी ओरडले नव्हते. म्हटलं, रंगखोली बंद होऊ नये म्हणून तुम्ही हे केलंत. माझ्या पाठीमागे, सुट्टीच्या दिवशी येऊन माझा विश्वासघात केलात.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “ताई, मला खोली राखायची असती तर मी रेघ दिसू दिली असती की. मग तुमी नापास झाला असता आन् रंग ऱ्हायला असता. म्या पुसली ती कशापायी?”

मी हातातला चंदेरी कापूस टेबलावर ठेवला.

“पोरीला बघायला पावनं यायचं असलं तर तिचं तोंड पुसून पुढं पाठवतो का न्हाय आपन? तसं पुसलं. चाळीसच्या चाळीस, कंची धाडनार ठावं नव्हतं म्हनून. अगदी पातळ हात मारला.”

“पण बिनरंगी द्यायची होती, सुंदराबाई! तेच तर काम होतं.”

“व्हय, पर रेघ दिसत हुती.” आणि त्यांनी दाराकडे बोट केलं.

रंगखोलीच्या दारावर एक पाटी आहे. चौदा वर्षांपूर्वी मी कारखाना हातात घेतला त्या आठवड्यात स्वतः लिहून लावलेली. अक्षरं आता पिवळी पडली आहेत: ‘रेघ दिसता कामा नये. दिसली तर माल पुढे जाणार नाही.’

३१ जानेवारी, शुक्रवार

काल दिवसभर घरी होते. सौमित्रला सांगितलं. तो म्हणाला, “पूर्णिमाला फोन कर.” एवढंच. प्राध्यापक माणूस, एरवी दोन वाक्यांत थांबत नाही.

आज केला. म्हटलं, “ते नमुने मंजूर झाले ना, त्यांच्यात एक घोळ आहे. नळाखाली...”

तिने मध्येच तोडलं. “थांब. मला काही सांगू नकोस.”

“अगं, पण...”

“सुरुची, त्या मंजुरीवर माझी सही आहे. साहेबांनी ते झाकण मीटिंगमध्ये फिरवलंय. तू जे सांगणार आहेस ते मी ऐकलेलं नाही.” मग जरा मऊ आवाजात म्हणाली, “हे बघ, आधी अख्खं झाकण रंगायचं, आता दोन इंच. नव्वद टक्के थिनर वाचलं की नाही? तेवढी रेघ तुमच्या तुम्ही बघा. कोण बघायला येणार आहे?”

फोन ठेवल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहायला नको वाटतंय, म्हणूनच लिहितेय.

तिचं अगदीच चूक नाही. दोन इंच म्हणजे काहीच नाही. आणि रंगखोली थोडी का होईना, चालू राहील. सुंदराबाईंना या वयात नवीन काही शिकायला नको. पूर्णिमाची सही राहील, ऑर्डर राहील, सात जणी राहतील. या सगळ्यात नुकसान नेमकं कुणाचं आहे, ते मला दाखवता येत नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार

सुरू केलं. सुंदराबाई आणि तिघी, मध्ये फट कापलेला पत्रा ठेवून फक्त रेघेवर फवारा. रंगखोलीला बाहेरून प्लास्टिकचा पडदा लावला. पाटी काढून टाकली.

सुंदराबाईंची मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, “म्हंजे मी केलं त्येच का?” मी म्हटलं, “हो.” त्यांनी बंदूक उचलली आणि पडद्याआड गेल्या. मला वाटलं होतं, खूश होतील.

संस्कृती माझ्याशी फक्त कामापुरतं बोलते. “झाकण ओके, मॅडम.” “काउंट झाला, मॅडम.”

५ फेब्रुवारी, बुधवार

तीनशे झाली. प्रत्येक झाकणाच्या आत चिकटवायला कंपनीने छापील चिठ्ठ्या पाठवल्या आहेत: ‘या भागावर रंग नाही. पुन्हा वापरता येतो.’ चिठ्ठ्या चिकटवायचं काम रंगखोलीतल्या विमलाबाईंकडे दिलं. त्यांना वाचता येतं. त्यांनी एक वाचली, मला वाचून दाखवली, आणि चिकटवायला लागल्या.

सुंदराबाईंनी विचारलं, “ताई, ह्ये आता रोजचंच का?”

“बघू.”

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज नीट लिहायला हवं.

सकाळी पूर्णिमाचा फोन आला, की त्यांच्या पत्रकासाठी दोघं जण फोटो काढायला येतायत, बिनरंगी झाकण करणारा कारखाना म्हणून. मी अजून कर्वेनगरात घरीच होते. स्कूटर काढता काढता संस्कृतीला फोन केला. “पाहुणे येतायत. मागून आवाज नको.”

एवढंच बोलले मी. मनात होतं, काम थांबवा. पण म्हणाले, आवाज नको.

पाहुणे आले. साच्यापाशी उभं करून माझ्या हातात झाकण दिलं, “मॅडम, थोडं वर धरा, उजेड येऊ दे,” म्हणाले. मी धरलं. नळाकडची बाजू मी अंगठ्याने झाकली होती, ते मला नंतर फोटोत दिसलं. चहा झाला. पाऊण तासाने ते गेले.

मग मी पडद्यामागे गेले.

पंखा बंद होता. वाफ बाहेर ओढणारा मोठा पंखा, आवाज करतो तोच. तो बंद करून त्या आत काम करत होत्या. माल सोमवारी द्यायचाय म्हणून थांबल्या नव्हत्या. सुंदराबाई आणि दोघी, नाकाला पदर बांधून. हवेला चव लागत होती. विमलाबाई मागच्या दारात भिंतीला धरून बसल्या होत्या, त्यांना दोनदा उलटी झाली होती.

“पंखा कुणी बंद केला?” मी विचारलं.

सुंदराबाईंनी पदर खाली केला. “तुमीच म्हनलात ना, आवाज नगं.”

“अहो, गुदमरायला झालं असेल! वास...”

आणि मी थांबले. त्यांना वास येत नाही. सहा-सात वर्षं येत नाही. त्या दिवशी जुळणीच्या टेबलाशी त्या सांगत होत्या तेव्हा मी सगळ्यांबरोबर हसले होते, आणि घरी येऊन या वहीत तसंच लिहिलं होतं. आता पान उलटून बघितलं. ‘मीही हसले.’

याआधी रंगखोली उघडी होती. पंखा दिवसभर घुं घुं करायचा, दार उघडं असायचं, तपासणीवाले यायचे, मास्क मिळायचे. झाकणावर रंग नाही असं ठरल्यापासून तिथे पडदा आला आणि पंखा बंद झाला. हे मी केलं, चारच दिवसांत.

विमलाबाईंना वारज्याला डॉक्टरांकडे नेलं. ठीक आहेत, दोन दिवस आराम. त्यांना म्हटलं, सॉरी. त्या म्हणाल्या, “असू द्या ताई, सकाळी उपाशी होते मी.” म्हणजे मला बरं वाटावं म्हणून त्याही रेघ पुसत होत्या.

८ फेब्रुवारी, शनिवार

काम थांबवलं. पाचशे दहा झाकणं गोदामात कुलपात आहेत. सोमवारी माल जाणार नाही, असं पूर्णिमाला कळवलं. कारण कळवलं नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

साच्यात प्लास्टिक शिरतं ती जागा हलवून घेतली. चार दिवस साचे दुरुस्त करणाऱ्या टूलरूममध्ये बसून होते. बद्रीनाथांना फोन केला, आधी माफी मागितली आणि म्हटलं, चमक सोडते, साधा करडा द्या. त्यांनी चार छटा आणल्या. टोमणा मारायची पूर्ण संधी होती, पण त्यांनी मारला नाही. फक्त म्हणाले, “हेच मी जानेवारीत...” आणि थांबले.

छटा निवडायला सुंदराबाईंना बोलावलं. रंगातलं त्यांना जेवढं कळतं तेवढं संस्कृतीच्या यंत्रालाही कळत नाही. चारही दाराबाहेर उन्हात ठेवल्या, मग सावलीत, मग ट्यूबखाली. तिसरी उचलली. “ही. खडकवासल्याच्या धरनाच्या भिंतीवानी हाय. मळत न्हाय, आन् डोळ्याला बोचत न्हाय.”

साच्याच्या आतल्या बाजूला बारीक दाणेदार पोत करून घेतला, म्हणजे कुठलीच रेघ डोळ्यात भरत नाही. झाकणं काढली. समोरून बघितलं तर काही दिसत नाही. उजेड उजवीकडून आला तर दिसते.

संस्कृती म्हणाली, “मॅडम, आहे.”

“आहे,” मी म्हटलं.

सुंदराबाईंनी अंगठा फिरवला. बराच वेळ बघितलं. हाताला सवय आहे, तो रंगखोलीकडे वळत होता, मला दिसत होतं. शेवटी झाकण टेबलावर ठेवलं आणि हात पदराला पुसले. “आता हिला काय करायचं?”

“काही नाही करायचं.”

“आन् न्हाय म्हनले तर?”

“तर ऑर्डर जाईल.”

“मग आमी?”

या प्रश्नाला मी ‘बघू’ म्हणाले नाही. म्हटलं, “ऑर्डर गेली तर मी सातही जणींना ठेवू शकणार नाही. कदाचित दोघी-तिघी. खोटं सांगत नाही. आणि पूर्णिमालाही सगळं खरं लिहून देणार आहे.” त्या खुर्चीवर बसल्या. माझ्यासमोर त्या कधी बसत नाहीत. मग म्हणाल्या, “त्या चिठ्ठीत माझं नाव घालनार?”

“नाही.”

“घाला की. म्या मारला फवारा. पाटी तुमची, हात माझा.”

मी घातलेलं नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळपासून पत्राचे चार खर्डे झाले. पहिल्या तिन्हींत मी काय काय चांगलं केलं तेच जास्त होतं. हा चौथा.

उत्तर मला आत्ताच माहीत आहे. मंजुरी मागे घ्यायची म्हणजे पूर्णिमाला साहेबांसमोर उभं राहून सांगावं लागेल, की आपण मीटिंगमध्ये फिरवलेलं झाकण रंगवलेलं होतं. वर त्यांना चंदेरी हवं असताना मी करडं देतेय. ती नाही म्हणेल. मी तिच्या जागी असते तर ३१ जानेवारीला मीही तेच बोलले असते, आणि खरं तर तिच्या जागी नसूनही मी तिचं ऐकलं. सौमित्रने वाचलं, एक ऱ्हस्वदीर्घ सुधारलं आणि विचारलं, “स्वतः नेऊन देणार?” हो म्हटलं. “मग मी गाडी काढतो,” म्हणाला.

खर्डा इथे उतरवून ठेवते.

‘पूर्णिमा मॅडम यांस,

१७ जानेवारी रोजी आपण मंजूर केलेले बारा नमुने बिनरंगी नव्हते. नळाखाली आमच्या कारखान्यात हाताने रंग फवारला होता. रेघ दिसता कामा नये, ही कारखान्यातली सूचना माझी होती, आणि त्या सूचनेप्रमाणेच ते झालं. नमुने देताना मला हे माहीत नव्हतं. २९ जानेवारीपासून माहीत होतं. त्यानंतरही मी पाचशे दहा झाकणं तशीच करून घेतली आणि त्यांत रंग नसल्याच्या चिठ्ठ्या लावून घेतल्या. ती सगळी आमच्याकडे आहेत, एकही बाहेर गेलेलं नाही.

सोबत सहा नवी झाकणं देत आहे. ती चंदेरी नाहीत, करडी आहेत. त्यांच्यावर काहीही मारलेलं नाही. थिनर आणि कापूस पिशवीत ठेवला आहे. हवं तिथे पुसून पाहावं. ही झाकणं दळून पुन्हा वापरता येतात, मी स्वतः दळून, काढून पाहिली.

नळाखाली रेघ आहे. उजेड उजवीकडून आला तर दिसते. ती पूर्ण जाणार नाही, आणि जाईल असं मी यापुढे सांगणार नाही.

विनंती अशी, की १७ जानेवारीची मंजुरी आपण लेखी मागे घ्यावी, आणि ही झाकणं रेघेसकट मंजूर करावीत.

सुरुची’